करंजदऱ्याचं तळं

"दिवटे, हे तळं कुठं आहे?"

जिल्ह्याहून आलेल्या बेलसरे साहेबांनी करंजदऱ्याच्या शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरला होता. एका टोकावर त्यांनी आपली हॅट ठेवली होती, दुसऱ्यावर आमचा पाण्याचा तांब्या. वरच्या कोपऱ्यात जिथं निळी शाई होती तिथं त्यांचं बोट टेकलेलं होतं. अण्णा, माझे वडील, वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मी ओट्याच्या कडेला तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होते. भाकरी करपायला लागली तरी मला ती उलटायचं सुचेना.

"तळं?" अण्णा म्हणाले.

"तळं. मध्ये बेट. बेटावर झाड. झाडावर..." साहेबांनी खिशातून भिंग काढलं. "पक्षी वाटतो हा. एकोणीस वर्षं नोकरी झाली ना तुमची? सरकारी गावनकाशात पक्षी कधीपासून काढायला लागलात?"

पक्षी नव्हता तो. मगर होती. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

माझ्या वाचकांना ती मगर चांगली ठाऊक आहे. तिसऱ्या कादंबरीपासून ती राजवाड्यातच राहते आणि राजाला नको ते सल्ले देते. ती कुठून आली, आणि पाण्यात राहायचं सोडून झाडावर का बसते, असं लोक मला गेली चाळीस वर्षं विचारतात. एका दिवाळी अंकाला मी सांगितलं की माझा जन्म भर नदीत होडीत झाला. रेडिओवरच्या बाईंना सांगितलं की माझ्या मावशीचा नवरा मांत्रिक होता आणि सणासुदीला घुबड होऊन जेवायला यायचा. प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलाला सांगितलं, की लिहायला बसण्यापूर्वी अकरा हिरव्या मिरच्या खाल्ल्याशिवाय मला राक्षस सुचत नाहीत. त्यानं ते तळटिपेत घातलंय. मिरचीचं तसं अगदीच खोटं नाही. गोड मला आवडत नाही आणि माझ्या नऊ कादंबऱ्यांत एकही पात्र लाडू खात नाही. पण अकरा जरा जास्त होतात.

आज खरं सांगते. म्हणजे जमेल तितकं.

माझे वडील गजानन दिवटे भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. गावोगाव मुक्काम करायचा, तेहतीस फुटी लोखंडी साखळीनं शेतांच्या हद्दी मोजायच्या आणि गावाचा नकाशा करायचा. साखळीचे सोळा भाग असत, त्यांना आणे म्हणत. "बारा साखळ्या सात आणे" हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. अण्णा एका आण्याचीही चूक खपवून घेत नसत. घरात मी काही रंगवून सांगायला लागले, की ते हातातलं काम थांबवून विचारत, "साप किती लांब होता? मोजलास?" आणि माझा अजगर तिथल्या तिथं गांडूळ होई.

असा माणूस, आणि विषमज्वरातून उठल्यावर त्याचा उजवा हात थरथरायला लागला. साखळी धरता येई, दुर्बिणीतून बघता येई, पेन्सिलीनं कच्चं काम होई. पण मेणकापडावर, म्हणजे नकाशासाठीच्या खळ चढवलेल्या पातळ कापडावर, चिनी शाईनं केसाएवढी रेघ ओढायची म्हटली की टाक नाचायचा. खात्यात कळलं असतं तर नालायक ठरवून घरी बसवलं असतं. घरी आई होती आणि माझ्या पाठची तीन भावंडं. एक दिवस अण्णांनी तिसरं मेणकापड खराब केलं, उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी टाक उचलला आणि उरलेली हद्द पुरी केली. ते आत आले. नकाशावर वाकले. मग म्हणाले, "टाक जरा उभा धर."

तेव्हा मी बारा वर्षांची होते. पुढची दोन वर्षं, शाळा असली की अण्णा कच्चं काम घरी आणत आणि सुट्ट्यांत मी त्यांच्याबरोबर मुक्कामाला जायचे. शेजारणींना आई सांगायची, "त्यांच्या भाकरीचे हाल होतात ना." माझ्या भाकऱ्या पाहिलेल्या कुणाचाही यावर विश्वास बसला नसता.

आणि करंजदऱ्याचं तळं? त्याला कारण निळी दौत. पाणी तेवढं निळ्या शाईनं दाखवायचं असा नियम. आमच्या वाट्याला आलेल्या त्या डोंगरी गावांत पाणी म्हणजे दोन विहिरी आणि एक ओढा. ती दौत उघडायला मी जीव टाकायचे. करंजदऱ्याच्या वर कातळाचा मोठा सपाट माथा आहे, त्याला सडा म्हणतात. तिथं ना शेत, ना हद्द, म्हणून तो मोजलेला नव्हता. नकाशात तेवढी जागा कोरी राहिली होती. मला ती कोरी जागा बघवेना. अण्णांचाच एक शिरस्ता होता: जिथं साखळी पोचत नाही तिथं गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं. टेकडीचं नाव काय, झरा कुठं, देवाचा दगड कुठला. मग मी जाणत्या माणसाला विचारलं. बमूआबा ढेब्यांना.

आबा धनगरवाड्यातले. सत्तरीचे, म्हशी राखणारे. साखळीचं दुसरं टोक धरायला अण्णांनी त्यांनाच घेतलं होतं.

"आबा, सड्यावर काय आहे?"

"सड्यावर व्हय? तळं हाय की," आबा तंबाखू मळत म्हणाले. "केवढं!"

मी दौतीचं बूच काढलं. बेट, झाड आणि मगर यांचं आबा काही बोलले नव्हते, हे खरंच आहे. पण एवढं मोठं तळं नुसतंच कसं ठेवायचं?

अण्णा माझी प्रत्येक रेघ तपासत. मोजलेली प्रत्येक रेघ. न मोजलेल्या कोऱ्या जागेत तपासायला काय असणार, म्हणून तो कोपरा त्यांनी पाहिलाच नाही. खाली सही केली. नकाशा जिल्ह्याला गेला. आमचा मुक्काम मात्र शेजारच्या गावांच्या मोजणीसाठी करंजदऱ्यातच राहिला.

"आता ऐका पुढचं," साहेब ओट्यावर म्हणत होते. "हा नकाशा पडला कलेक्टर साहेबांच्या टेबलावर. त्यांना शिकारीचा नाद. तळं बघितल्याबरोबर म्हणाले, बेलसरे, तिथं बदकं असणार. शनिवारी येताहेत ते. दोन बंदुका, तीन पाहुणे आणि जेवणाचे डबे घेऊन. म्हटलं आपण आधी रस्ता बघून यावा. तर गावात शिरल्यापासून चार जणांना विचारलं, तळं कुठं? चौघंही माझ्या तोंडाकडे बघताहेत."

अण्णांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

"सही माझी आहे, साहेब," ते म्हणाले. "वर जाऊन बघतो आणि सांगतो."

"बघतो नव्हे, बघू. आत्ता. साखळी घ्या, फलक घ्या. आणि तळं नसलं ना दिवटे, तर तुमचं निलंबनाचं पत्र मी तिथंच, त्या तळ्याच्या काठावर बसून लिहीन."

सकाळचे आठ वाजले होते. मे महिना. पुढं बमूआबा, खांद्यावर साखळी. मागं बेलसरे साहेब, पोट सांभाळत. त्यांच्या मागं अण्णा, मोजणीचा लाकडी फलक, त्याची तिपाई आणि दुर्बीण घेऊन. सगळ्यांत शेवटी मी, पाण्याची कळशी आणि रंगपेटी घेऊन. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण राहा असंही म्हटलं नव्हतं.

पहिल्या चढाला साहेब थांबले. "आबा, तुम्ही इथलेच ना? तळं आहे ना वर?"

"हाय की."

साहेबांचा चेहरा उजळला. "किती मोठं?"

"आता कसं सांगू सायेब," आबांनी साखळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ह्या काठाला गाभण म्हस पान्यात घातली, तर त्या काठाला निघंस्तवर ती व्यालेली अस्ती."

अण्णांनी डोळे मिटले.

"आणि बदकं?"

"बदकांचं काय घिऊन बसलाय! बसली तर पानी दिसत न्हाई. उठली तर ऊन दिसत न्हाई."

साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि ते झपाझप चालायला लागले. मी आबांच्या जवळ गेले. "आबा, खरंच आहे ना हो?"

"तू काडलंस न्हवं?"

"हो."

"मग?" आबा म्हणाले, आणि पुढं गेले.

शेवटची खिंड चढून आम्ही वर आलो. समोर सडा. काळा, सपाट, तापायला लागलेला कातळ, पार आभाळाला टेकलेला. कुठं कुठं वाळलेलं गवत. मधोमध एक टिटवी उभी होती. आम्हाला बघून ती ओरडली आणि उडून गेली. एवढाच काय तो पक्षी.



"कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"हितंच हुतं," आबा म्हणाले.

"होतं म्हणजे?"

"माज्या आज्यानं दावलं हुतं."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"म्या न्हाई बगितलं. पर आज्या खोटं बोलत न्हवता, सायेब. देवमानूस."

"अहो, तळं काय उठून जातं?"

"जातंय की. ऊन लई झालं की त्या अंगाला सरकतं."

साहेब त्या अंगाला बघायला निघाले होते, खरंच. दोन पावलं गेले आणि थांबले. त्यांच्या मानेवर लाल रंग चढला. ते वळले ते अण्णांवर.

"हे ऐकून तुम्ही शाई लावलीत? ह्या म्हाताऱ्याच्या आज्याच्या भरवशावर? कलेक्टरला मी काय सांगू? बदकं त्या अंगाला सरकली?"

"चूक माझी आहे," अण्णा म्हणाले. "आबांकडे बोट दाखवू नका. शिरस्ता माझा, सही माझी. आपण पत्र लिहा."

इतकं शांतपणे म्हणाले, जणू मोजलेली रेघ वाचून दाखवताहेत. साहेबांनी पिशवीतून कागद काढला. अण्णांनी फलक तिपाईवर उभा केला होता, त्यावर टेकवला. पेनाचं टोपण उघडलं.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे आणि त्यावर माझं बरं चाललं आहे. खरं बोलण्याचे प्रसंग थोडे. त्यांतला हा एक.

"बेट आबांनी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "बेट माझं आहे. झाडही माझंच. आणि तो पक्षी नाही, मगर आहे."

"कालिंदी, गप्प बस," अण्णा म्हणाले.

"शाई मी लावली, साहेब. अण्णांनी तो कोपरा पाहिला नव्हता. मी अण्णांना न विचारता लावली."

साहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच सड्यावर उगवले आहे. "तू? तुझ्या हाताशी दौत आली कशी?"

माझी नजर अण्णांच्या उजव्या हाताकडे गेली. एका चुकीतून अण्णांना सोडवायला गेले आणि त्याहून मोठी गोष्ट मी उघडी करत होते, हे आत्ता माझ्या ध्यानात आलं. अण्णांच्याही आलं. साहेब आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग हातातलं पेन त्यांनी अण्णांपुढं धरलं.

"दिवटे, एक रेघ ओढा."

अण्णांनी पेन घेतलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मनगट सोडलं, सरळ उभे राहिले आणि कोऱ्या कागदावर रेघ ओढली. ती रेघ मी कधी विसरले नाही. करंजदऱ्याच्या ओढ्याला तेवढी वळणं नाहीत.

"किती दिवस?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"दोन वर्षं."

"म्हणजे या दोन वर्षांतली गावं..."

"सतरा," अण्णा म्हणाले. "सतराही हिच्या हातची."

"धावलीचा नकाशा?"

"हिचाच."

साहेब मटकन एका दगडावर बसले. धावलीचा नकाशा काच लावून त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेला होता. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोजणीदाराला ते त्याच्यासमोर उभं करत आणि म्हणत, याला म्हणतात रेघ. अण्णा हे घरी येऊन सांगत तेव्हा माझ्याकडे बघत नसत, पण त्या दिवशी मला भाजी दोनदा वाढत.

"तेरा-चौदा वर्षांची पोर," साहेब स्वतःशी म्हणाले. मग एकदम उठले. "नाही. मी असा विश्वास ठेवणार नाही. एक तळं खोटं निघालं, बाकीचं खरं कशावरून? साखळी सोडा!"

सड्याच्या अगदी खाली गावाची शेवटची शेतं लागतात, तिथं आम्ही उतरलो. साहेबांनी नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं. सर्व्हे नंबर एकोणनव्वद, उगवतीकडचा बांध. कागदावर मोजला: नऊ साखळ्या तीन आणे. आबा साखळीचं एक टोक घेऊन पळाले, दुसरं अण्णांनी धरलं. नऊ साखळ्या तीन आणे.

दुसरी रेघ साहेबांनी मुद्दाम वाकडी निवडली, जिथं बांध दोनदा मोडतो. पाच साखळ्या अकरा आणे. जमिनीवरही तेवढीच.

"तिसरी मी धरतो," साहेब म्हणाले. कोट काढून बांधावर टाकला आणि साखळीचं टोक स्वतः घेतलं. मोजणी झाली. कागदावर चौदा साखळ्या. जमिनीवर चौदा साखळ्या एक आणा.

साहेबांच्या चेहऱ्यावर दुःख आणि समाधान एकदमच दिसलं. "एक आणा!"

मला वाटलं, आता संपलं. त्या एका आण्यात अण्णांची एकोणीस वर्षं बुडाली. पण अण्णा पाय रोवून उभे होते, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"साहेब, साखळी ढिली धरलीत."

"काय?"

"झोळ पडलाय मध्ये. कडीला ताण द्या. ती रेघ माझ्या मुलीची आहे. चुकायची नाही."

आबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी ताण दिला, अंगातला सगळा जोर लावून, अगदी मागं झुकून. पुन्हा मोजलं. चौदा साखळ्या. बरोब्बर.

तुम्हाला सांगते, पुढं मला दोन-चार शाली मिळाल्या, एकदा हत्तीच्या आकाराचं एक चांदीचं काहीतरी मिळालं. त्या बांधावर पाय भाजत उभी असताना ऐकलेलं ते वाक्य यांतल्या कशाच्याही वर आहे. अण्णांनी ते माझ्याकडे बघून म्हटलंच नव्हतं. साहेबांना दटावून म्हटलं होतं.

साहेबांनी कोट झटकला. निलंबनाचा कागद घडी करून खिशात घातला. नकाशाच्या मागच्या बाजूला त्यांनी शेरा लिहिला: "तळे स्थानिक माहितीवरून दाखविले. प्रत्यक्ष पाहणीत आढळले नाही. खरवडून काढावे." वर मान करून म्हणाले, "कलेक्टर साहेबांना मी सांगेन, बदकं उडून गेली. आणि दिवटे, ऊन फार आहे. उन्हात माणसाला भलतंच दिसतं. मला आज तुमचा हात वगैरे काही दिसलेला नाही." माझ्यापाशी येऊन ते थांबले. "मगर झाडावर कशी चढते?"

"उलटी," मी म्हणाले. "शेपटीकडून."

ते मान हलवत गावाकडे उतरून गेले.

आम्ही तिघं वर सड्यावर परत आलो, तिपाई तिथंच होती. अण्णांनी ब्लेड माझ्या हातात दिलं. मेणकापडावरची शाई पुसता येत नाही, ब्लेडनं खरवडावी लागते, तीही कापड न फाटता. मी गुडघ्यांवर बसून तळं खरवडायला लागले. आधी काठ, मग पाणी. बेटाशी आले तेव्हा डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाण्याचा थेंब मेणकापडावर पडला तर ते वाया जातं, म्हणून मी मान बाजूला वळवून रडले. मगर शेवटी खरवडली. जागा पुन्हा कोरी झाली, थोडी खरबरीत.

"झालं," मी म्हणाले. "आता कधी खोटं काढणार नाही."

अण्णांनी नकाशा गुंडाळून नळकांड्यात घातला. मला वाटलं आता उठायचं. पण त्यांनी दुसरा कागद काढला, नवा, पांढरा, आणि फलकावर चारी कोपऱ्यांनी ताणून बसवला.

"बेट किती लांब होतं?"

"कुठलं बेट?"

"तुझं बेट. किती साखळ्या?"

"माहीत नाही."

"झाड काठापासून किती अंतरावर?"

"नाही माहीत, अण्णा. ते नव्हतंच ना."

"नव्हतं हे मला दिसतंय," अण्णा म्हणाले. "पण नव्हतं म्हणून ते खोटं नाही. माप नाही म्हणून खोटं आहे. एखादा राजा त्या तळ्याकाठून सकाळी निघाला तर दुपारी कुठं पोचेल, ते तुला सांगता येत नाही. मग तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार?" त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि स्वतः दुर्बिणीला डोळा लावला. "सरकारच्या कागदावर नाही. हा कागद तुझा. काठ कुठून सुरू होतो?"

मी बोट केलं. जिथून टिटवी उडाली होती तिथं.

"आबा, साखळी घ्या," अण्णा ओरडले. "त्या गवतापासून सरळ पुढं."

आबांनी साखळीची कडी उचलली. गवतापाशी जाऊन उभे राहिले. पुढं नुसता तापलेला कातळ. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, मग एका हातानं धोतर गुडघ्यांच्या वर घेतलं, आणि एकेक पाऊल चाचपत, जपून टाकत ते आत शिरले.

अण्णांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही.

"डावीकडनं या, आबा," ते म्हणाले. "तिथं खोल आहे."